आळ, साक्ष आणि स्यमंतक



आजचं वाचन: श्रीमद्भागवत, दशम स्कंध, अध्याय ५६ आणि ५७. म्हणजे स्यमंतक मण्याची कथा.

ही गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणीच ऐकलीय, पण भागवतातून नाही. गणेश चतुर्थीच्या संध्याकाळी गॅलरीत पाऊल टाकलं की आजी ओरडायची, "वर बघू नकोस, चंद्र दिसेल, चोरीचा आळ येईल!" का म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं, "अगं, कृष्णालासुद्धा चुकला नाही तो." बस. आपल्यासाठी गोष्ट तिथेच संपते. आळ आला आणि मग गेला. पण मधे काय झालं? देवाने तो आळ घालवण्यासाठी नेमकं काय केलं? हे आपण विचारतच नाही. आज मला त्या मधल्या भागाबद्दल बोलायचंय.

त्याला कारणही आहे. आमच्या रविवारच्या सामूहिक वाचनाला एक मुलगा येतो. तेवीस-चोवीस वर्षांचा. एसी दुरुस्तीचं काम करतो, ॲपवरून बुकिंग घेतो. मध्यंतरी एका घरी त्याने सर्व्हिसिंग केलं. दुसऱ्या दिवशी तक्रार आली, की एसीखालच्या टीव्हीवर ओरखडा पडलाय आणि तो तुमच्याच माणसाने पाडलाय. हा म्हणतो, मी टीव्हीला हातही लावला नव्हता. ऑफिसमधून विचारलं, पुरावा काय? याच्याकडे काहीच नव्हतं. पैसे याच्या कमाईतून कापले गेले, रेटिंग घसरलं ते वेगळंच. तेव्हापासून तो प्रत्येक घरात पाना हातात घेण्याआधी फोटो काढतो. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तसं. आणि आता लोक त्याला ऐकवतात, "काय रे, आमच्यावर विश्वास नाही का?"

"ताई," तो म्हणाला, "आपण इथे वाचतो की देवावर भार टाकावा. आणि मी तर मोबाइलवर भार टाकतोय. हे चुकतंय का माझं?"

प्रश्न साधा वाटतो, पण तसा नाही. रोज दुसऱ्याच्या घरात शिरून काम करणाऱ्या प्रत्येकाचा तो आहे. प्लंबर, वायरमन, सुतार, रंगारी, फरशीवाला, सामान हलवणारी माणसं, सगळ्यांचा. आणि त्यांना घरात घेणाऱ्या आपलाही आहे.

देवाने काय केलं?

कथा थोडक्यात बघू. सत्राजित हा सूर्याचा भक्त. सूर्याने त्याला स्यमंतक मणी दिला. रोज आठ भार सोनं देणारा मणी! कृष्णाने सुचवलं, हा राजा उग्रसेनाला दे. सत्राजिताने ऐकलं नाही. पुढे त्याचा भाऊ प्रसेन तो मणी गळ्यात घालून घोड्यावरून शिकारीला गेला. रानात सिंहाने प्रसेनाला आणि घोड्याला मारलं, मणी पळवला. त्या सिंहाला जांबवानाने मारलं आणि मणी गुहेत नेऊन आपल्या लेकराला खेळायला दिला.

इकडे प्रसेन परत आला नाही. सत्राजित म्हणाला, कृष्णानेच मण्यासाठी माझ्या भावाला मारलं असणार. लक्षात घ्या, त्याने काहीही पाहिलेलं नव्हतं. त्याच्याकडे फक्त तीन गोष्टी होत्या. भावाच्या गळ्यात मणी होता, भाऊ परतला नाही, आणि कृष्णाने एकदा मणी मागितला होता. या तीन गोष्टी एका दोऱ्यात ओवल्या आणि आळ तयार झाला. मग तो कर्णोपकर्णी साऱ्या द्वारकेत पसरला.

आता कृष्ण काय करू शकत होता? 'मी कोण आहे ते मला ठाऊक आहे, लोक काय म्हणतात त्याचं मला काय' असं म्हणून तो गप्प बसू शकत होता. रागावू शकत होता. एखादा चमत्कार दाखवून सगळ्यांची तोंडं बंद करू शकत होता. देवच तो!

यातलं काहीच त्याने केलं नाही. भागवत सांगतं की तो नगरातल्या लोकांना सोबत घेऊन प्रसेनाच्या मागावर निघाला. सोबत नागरिक होते, आणि कुजबुज तर नगरातच चालली होती. मला हा तपशील फार महत्त्वाचा वाटतो. ज्यांच्या मनात शंका असू शकते, त्यांनाच साक्षीला नेलं. त्यांनी वाटेत प्रसेनाचं आणि घोड्याचं प्रेत पाहिलं, पुढे मेलेला सिंह पाहिला. मग गुहा लागली. कृष्णाने लोकांना बाहेर थांबवलं आणि त्या अंधारात तो एकटा शिरला. आत जांबवानाशी अठ्ठावीस दिवस युद्ध झालं. बाहेरचे लोक बारा दिवस थांबले आणि दुःखी होऊन परतले.

शेवटी कृष्ण मणी घेऊन आला. राजासमोर, भर सभेत सत्राजिताला बोलावलं, मणी कसा सापडला ते सगळं सांगितलं, आणि मणी त्याच्या हातात ठेवला.

एसी दुरुस्त करणाऱ्या आपल्या मित्राच्या भाषेत सांगायचं तर: जागेवर जाऊन पाहणी केली, साक्षीदार सोबत ठेवले, काय दिसलं ते क्रमाने दाखवलं, सगळं उघड सांगितलं, आणि समोरच्याची वस्तू समोरच्याला परत केली. जो स्वतः सगळ्यांच्या अंतरातला साक्षी, त्यालाही माणसांमध्ये राहायचं तर माणसांना दिसेल अशी साक्ष उभी करावी लागली. मग आपण मोबाइलवर दोन फोटो काढले तर श्रद्धा कमी कशी होते? देवावर भार टाकायचा तो फळाचा. हातांनी करायचं काम त्याच्यावर ढकललं तर त्याला आळस म्हणतात.

कावळा आणि फांदी

पण थांबा. समोरचा ग्राहक प्रत्येक वेळी खोटारडाच असतो का? मला नाही वाटत.

आपल्याकडे म्हण आहे: कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. दुरुस्तीच्या धंद्यातले निम्मे वाद या एका म्हणीत बसतात. जुन्या इमारतीतली लोखंडी पाइपलाइन घ्या. ती आतून गंजते. बाहेरून रंग लावलेला असतो, म्हणून ठणठणीत दिसते. प्लंबर बाथरूमचा नळ बदलायला येतो, जुना नळ पान्याने फिरवतो, आणि तो ताण जाऊन भिंतीतला भलताच जोड हलतो. संध्याकाळी शेजारच्या खोलीत ओल दिसायला लागते. ग्राहक म्हणतो, "तुम्ही येऊन गेलात आणि गळायला लागलं." हे वाक्य शब्दशः खरं आहे! पण गंज वीस वर्षांचा आहे आणि प्लंबर वीस मिनिटांचा.

एसीचंही तसंच. तांब्याच्या कॉइलला बारीक भोक पडलेलं असतं, गॅस हळूहळू जात असतो. थंडीत कुणी एसी लावत नाही. मार्चमध्ये सर्व्हिसिंग होतं, एप्रिलमध्ये हवा गार लागत नाही, आणि नाव येतं शेवटी हात लावणाऱ्याचं.

खरं वाक्य बोलूनही समोरच्याला खोट्याकडे नेता येतं, हे महाभारताने आपल्याला अश्वत्थाम्याच्या प्रसंगात दाखवलंय. अश्वत्थामा नावाचा हत्ती खरंच मेला होता. युधिष्ठिराचे शब्द तपासले तर खोटे ठरत नाहीत. तरी जमिनीपासून चार अंगुळं वर चालणारा त्याचा रथ त्या दिवशी जमिनीला टेकला. 'तुम्ही आल्यावरच बंद पडलं' असं म्हणताना आपल्या शब्दांचा रथही तपासून बघायला हवा.

म्हणजे तक्रारी तीन प्रकारच्या असतात. एक, कारागिराच्या हातून खरंच झालेलं नुकसान. दोन, कावळा आणि फांदीचा गैरसमज. तीन, जाणूनबुजून केलेलं खोटं: जुना ओरखडा नव्याच्या भावात खपवायचा. बाहेरून तिन्ही सारख्याच दिसतात. म्हणून तर काम सुरू होण्याआधीची स्थिती कुठेतरी नोंदलेली हवी. ती नोंद असली की या तिन्हींची आपोआप फारकत होते. खरं नुकसान भरून निघतं, गैरसमज दूर होतो आणि खोट्याला जागाच उरत नाही.

इथे नरहरी सोनारांची आठवण येते. पंढरपुरातले कट्टर शिवभक्त, विठ्ठलाचं तोंडही न पाहणारे. एका सावकाराने विठोबासाठी सोन्याचा कमरपट्टा करायला दिला आणि मापही स्वतःच आणून दिलं. पट्टा त्या मापाने केला, तर देवाला बसेना. दुरुस्त करून दिला, तरी बसेना. कधी आखूड, कधी सैल. ही कथा आपण हरिहर ऐक्यासाठी सांगतो, आणि ते योग्यच आहे. पण आज ती कारागिराच्या बाजूने वाचा. ग्राहकाची तक्रार खरी होती. कारागिराचं कामही दिलेल्या मापाप्रमाणे होतं. लबाड कुणीच नव्हतं. नरहरींनी 'माप तुमचं होतं, मी काय करू' म्हणून हात वर केले नाहीत. ते डोळ्यांवर पट्टी बांधून का होईना, स्वतः माप घ्यायला गेले. दर्शन झालं ते तिथे गेल्यावर. आणि नेलं कुणी? एका तक्रारीने!

मग संतांनी सहन का केलं?

आता तुमच्यातलं कुणीतरी म्हणेल, ताई, हे सगळं ठीक आहे. पण तुकोबांनी तर कर्जाची खतं इंद्रायणीत बुडवली. नाथांच्या अंगावर एक माणूस पुन्हा पुन्हा थुंकला आणि ते पुन्हा पुन्हा गोदावरीत स्नान करत राहिले. मग खोटा दावा आला तर भरून टाकावेत पैसे आणि म्हणावं 'त्याचं त्याला लखलाभ', हाच भक्तीचा मार्ग नाही का?

या प्रश्नाशी मी बरेच दिवस झटतेय. मला जे उमगलं ते सांगते.

तुकोबांनी जे सोडलं ते त्यांचं स्वतःचं येणं होतं. आणि परंपरा सांगते की भावाच्या वाट्याची खतं त्यांनी भावाला दिली, फक्त आपल्या वाट्याची बुडवली. म्हणजे सोडतानासुद्धा हिशोब स्वच्छ होता! दुसऱ्याचा हक्क त्यांनी पाण्यात टाकला नाही. शिवाय आपल्या खुशीने सोडणं हे दान आहे. खोट्या आरोपाखाली, रेटिंग जाईल या भीतीने खिशातून निघालेले पैसे दान नसतात. ती भीतीची वसुली असते. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी गुणांची यादी आहे, त्यात सगळ्यात पहिला गुण अभय आहे. सत्य, अहिंसा त्याच्या नंतर येतात. मला वाटतं, त्या क्रमात अर्थ आहे. भ्यालेल्या माणसाच्या क्षमेवर कुणाचाच विश्वास बसत नाही, त्याचा स्वतःचासुद्धा नाही.

आणि नाथांनी सोसलं ते स्वतःच्या अंगावर. पण दिवसाच्या कमाईतून पैसे कापले जातात तेव्हा ते फक्त त्या मुलाचे नसतात. त्यात घरभाडं असतं, बहिणीची फी असते, आईच्या गोळ्या असतात. आणि खोटा दावा चालून गेला की तो करणाऱ्याला सवय लागते. पुढचा बळी पुढच्या कारागिराचा. खोट्याला आपल्या हाताने नफा मिळवून देणं ही त्या माणसावरचीही दया नाही.

जनाबाईंची कथा तर आपल्याला पाठच आहे. देवाचं पदक तिच्या खोपटात सापडलं, चोरीचा आळ आला, तिला सुळापाशी नेलं, आणि सुळाचं पाणी झालं. ही कथा ऐकताना आपले डोळे भरून येतात. पण ही कुणाची कथा आहे ते बघा. दुसऱ्याच्या घरी दळण-कांडण करणाऱ्या बाईची. चोखोबांवरही देवाच्या हाराच्या चोरीचा आळ आल्याची कथा परंपरा सांगते. आळ आधी कुणावर येतो? जो घरात शिरतो पण ज्याचं घर नसतं, त्याच्यावर. घरातली अंगठी हरवली की आधी भांडी घासणाऱ्या मावशींची आठवण येते, मग गादीखाली बघतात. सातशे वर्षं झाली, यात फार फरक पडलेला नाही. आणि प्रत्येकासाठी सूळ वितळत नाही, मंडळी. ज्यांच्यासाठी वितळत नाही त्यांनी दोन फोटो काढून ठेवले, तर त्यांना 'विश्वास नाही का' असं विचारायचा अधिकार आपल्याला आहे का?

ढाल की पडदा?

मात्र स्वतःला वाचवण्याचेही दोन मार्ग असतात आणि ते अगदी वेगळे आहेत.

एक मार्ग आपण बिलाच्या मागे बारीक अक्षरात बघतो. 'काम करताना झालेल्या कोणत्याही नुकसानीस आम्ही जबाबदार नाही.' हा पडदा आहे. यात जुनी गंजलेली पाइपही लपते आणि हलगर्जीपणाही लपतो. असं सरसकट लिहून जबाबदारी झटकता येत नाही. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अन्यायकारक कराराची कल्पना आहे ती उगीच नाही. पण कायदा बाजूला ठेवला तरी, ज्याने आधीच सगळ्याला नकार दिलाय त्याच्या हाताला काळजी कशी राहणार?

दुसरा मार्ग साक्षीचा. साक्ष म्हणजे काय? जी माझ्या बाजूने बोलू शकते तशी माझ्या विरुद्धही बोलू शकते, ती साक्ष. कृष्णाने नागरिकांना नेलं तेव्हा त्यांना जे दिसेल ते दिसू दिलं. वाटेत पाहिजे ते दाखवलं आणि नको ते झाकलं, असं झालं नाही. माझ्या मते सगळा नैतिक प्रश्न या एका कसोटीवर सुटतो. माझी नोंद मला पकडू शकते का? शकत असेल तर ती साक्ष. नसेल, तर ती फक्त ढाल आहे आणि ढालीच्या मागे काहीही लपू शकतं.

त्या मुलाला मी हेच म्हणाले, की तू फोटो काढ, पण चोरून नको. ग्राहकाला शेजारी उभं करून, विचारून काढ. आधी एसी दहा मिनिटं चालवून दाखव, येणाऱ्या हवेचं तापमान मोज, क्लॅम्प मीटरने करंट मोज, दोन्ही आकडे त्यांच्यासमोर लिही. खाली टीव्ही असेल तर तो त्यांनाच हलवायला सांग, नाहीतर झाकून घे. पॅनलवर आधीचा तडा असेल तर बोट ठेवून दाखव. काम झाल्यावर पुन्हा तेच आकडे घे. काही तुझ्या हातून तुटलं, तर ग्राहकाला दिसायच्या आधी तूच सांग. ज्या दिवशी तू स्वतःहून 'हे माझ्याकडून झालं' म्हणशील, त्या दिवसापासून तुझ्या 'हे माझ्याकडून झालं नाही'ला वजन येईल.

आणि फोटोच्या चौकटीत फक्त मशीन आणि त्याच्या जवळपासचं सामान येऊ दे. त्यांची मुलं, त्यांचं देवघर, त्यांच्या कपाटावरचा पसारा नको. स्वतःच्या रक्षणासाठी दुसऱ्याचं घर उघडं पाडणं हाही अन्यायच.

हे सगळ्या धंद्यांना लागू आहे. प्लंबरने नळ फिरवण्याआधी सांगावं, "लाइन जुनी आहे, आतला जोड हलू शकतो, हललाच तर भिंत फोडावी लागेल. करू का?" सामान हलवणाऱ्यांनी कपाटाचे आधीचे ओरखडे यादीत लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. आणि फरशीवाल्यांची एक पद्धत मला फार आवडते. ड्रिल लावण्याआधी ते टाइलवर नाण्याने टकटक करतात. खाली सिमेंट नीट भरलेलं नसेल तर आवाज पोकळ येतो, आणि तिथे ड्रिल मारलं तर टाइल तडकण्याची भीती असते. तो आवाज ग्राहकालाही ऐकवायचा. ऐका, इथे भरीव, इथे पोकळ. गोरोबाकाका थापटणं घेऊन मडकी अशीच तपासायचे ना? संतांच्या मेळ्यात तर डोक्यांवरच थापटणं फिरवलं! कुंभार मडकं गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी वाजवून बघतो, कारण नंतर तडा कुणामुळे गेला हे कुणालाच सांगता येत नाही.

एक व्यवहाराची गोष्टही सांगून ठेवते. ग्राहक आयोगाकडे तक्रार करायला सर्वसाधारणपणे दोन वर्षांची मुदत असते, म्हणून नोंदी निदान तेवढ्या काळ जपाव्यात. सेवेत कमतरता होती हे दाखवण्याची जबाबदारी मुळात तक्रार करणाऱ्यावर असते, असं सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलंय. पण ॲपच्या ऑफिसात न्यायाधीश बसत नाही. तिथे पैसे आधी कापले जातात आणि चौकशी मग. म्हणून तर साक्ष आधी लागते.

दाराच्या आतले आपण

हे वाचणारे तुम्ही बहुतेक दाराच्या आतले आहात. फ्लॅटमध्ये राहणारे, ॲपवरून माणूस बोलावणारे. मीही तीच. म्हणून कथेचा उरलेला भाग आपल्यासाठी आहे.

भर सभेत मणी परत मिळाल्यावर सत्राजिताची मान खाली गेली. तो घरी जाऊन विसरून गेला नाही. हा दोष कसा धुवावा, लोक मला नावं ठेवणार नाहीत असं काय करावं, या विचाराने तो तळमळला. त्या काळच्या रीतीप्रमाणे त्याने मुलगी सत्यभामा कृष्णाला दिली, आणि मणीही देऊ केला. कृष्णाने मणी घेतला नाही. तुम्ही सूर्यभक्त, मणी तुमच्याकडेच राहू द्या, असं म्हणाला. कारागिरांसाठी इथेही धडा आहे. निर्दोष ठरलात म्हणून समोरच्याला लोळवायचं कारण नाही. बदनामी पुसली गेली, काम झालं.

आणि पुढच्या अध्यायात तर अजून एक टोचणारी गोष्ट आहे. मणी पुन्हा नाहीसा होतो आणि या वेळी शंका येते कुणाला? खुद्द थोरल्या भावाला, बलरामाला! तेव्हा कृष्ण रुसून बसत नाही. मणी अक्रूराकडे आहे हे त्याला ठाऊक असतं. तो त्याला म्हणतो, माझ्या दादाचा माझ्यावर पुरता विश्वास नाही, तेव्हा मणी एकदा सगळ्या आप्तांना दाखव. अक्रूर दाखवतो, शंका मिटते, आणि कृष्ण मणी त्याच्याकडेच परत देतो. म्हणजे पुरावा फक्त शत्रूसाठी नसतो. तो नात्यातली गाठ सोडवायलाही लागतो. 'फोटो काढू का?' हा प्रश्न अपमान वाटतो तेव्हा बलराम आठवावा. तो फोटो उद्या आपल्या मनात येणाऱ्या शंकेपासून त्या माणसाला वाचवतो, आणि आपल्यालाही.

आजचा संकल्प

या आठवड्यात घरी कुणी कामाला आलं, तर त्यांना आपणहून म्हणूया, "आधी सगळं बघून घ्या, हवे तर फोटो काढा, मी उभी आहे इथे." किंवा उभा आहे. पाणी विचारूच, पण त्याबरोबर हेही.

काही बिघडलं तर तक्रार लिहिण्याआधी एक क्षण थांबून तीन प्रश्न: हे आधी ठीक होतं हे मी पाहिलं होतं का? त्यांच्या हातून झालं हे मी पाहिलं का, की फक्त ओवलं? मी हे त्यांच्या तोंडावर म्हणू शकेन का? उत्तरं हो असतील तर तक्रार जरूर करा. खऱ्या नुकसानीची भरपाई मागणं हा आपला हक्क आहे आणि त्यात संकोच नको.

आणि एक जरा अवघड. सोसायटीच्या ग्रुपवर कुणा प्लंबरबद्दल, सुताराबद्दल, मावशींबद्दल कुणी काही लिहिलेलं असेल आणि ते नंतर खोटं निघालं असेल, तर त्याची दुरुस्ती त्याच ग्रुपवर व्हायला हवी. आळ साऱ्या द्वारकेत फिरला होता, म्हणून तो धुतला गेला भर सभेत. चार भिंतींत दिलेली सॉरी तिथवर पोचत नाही.

स्यमंतकाची ही कथा ऐकली की दुष्कीर्ती दूर होते, असं भागवत अध्यायाच्या शेवटी सांगतं. मला वाटतं ते दोन्ही बाजूंनी खरं आहे. ज्याच्यावर आळ येतो त्याला ती शिकवते, साक्ष उभी कर. आणि ज्याच्या तोंडातून आळ निघणार असतो त्याला म्हणते, आधी रानात जाऊन माग तरी बघून ये.

राम कृष्ण हरी.